अजिंठा लेणी : स्वतंत्र गाडीने एका दिवसात कशी पाहावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती छत्रपती संभाजीनगर किंवा जळगावहून भाड्याची किंवा स्वतःची गाडी घेऊन सकाळी निघणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्यांसाठी आहे. अजिंठ्याला जाऊन आलेले बरेच जण म्हणतात, 'अंधार होता, फारसं काही दिसलं नाही.' असं होण्यामागे बहुतेक वेळा दिवसाची आखणी चुकलेली असते. चित्रं तिथे आहेत आणि ती नीट दिसतात. त्यांच्यासाठी शांत वेळ राखून ठेवला, की काम झालं.

कोणत्या वारी जावं? लेणी कधी बंद असतात?

अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. हे दोन वार उलटे लक्षात ठेवल्यामुळे शंभर किलोमीटर जाऊन परत फिरलेली कुटुंबं दर हंगामात दिसतात. गाडी ठरवण्याआधी वार पुन्हा एकदा तपासा.

उरलेल्या सहा दिवसांत बुधवार आणि गुरुवार सर्वांत बरे. शनिवार-रविवारी आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांमध्ये गर्दी असते. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींच्या बस एकामागोमाग एक येतात आणि अकरा ते दोन या वेळात पहिल्या दोन लेण्यांसमोर रांग लागते. लेणी सकाळी ९ वाजता उघडतात आणि संध्याकाळी ५ वाजता रिकामी करायला सुरुवात होते.

संभाजीनगरहून किती अंतर आहे, किती वेळ लागतो?

सुमारे १०५ किलोमीटर. हर्सूलवरून बाहेर पडून चौका, फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा गाव, मग घाट उतरून फर्दापूरच्या अलीकडे टी-पॉइंट, म्हणजे गाडी सोडून लेण्यांची बस पकडायची ती जागा. नकाशावर दोन तास दिसले तरी अडीच ते तीन तास धरा. या रस्त्याचं रुंदीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं होतं आणि कुठे ना कुठे दुरुस्ती चालू असतेच. सिल्लोड गावातून जाताना ट्रॅक्टर आणि कापसाच्या गाड्यांमध्ये पंधरा मिनिटं सहज मोडतात. रस्त्याची आजची अवस्था आदल्या रात्री चालकालाच विचारा. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्याइतकं ते दुसऱ्या कोणाला माहीत नसतं.

जळगावहून अंतर जवळजवळ निम्मं, म्हणजे ६० किलोमीटरच्या आसपास आहे. वाट नेरी, पहूरवरून जाते आणि घाट लागत नाही.

मग जळगावहूनच जाणं सोयीचं नाही का?

फक्त अजिंठा पाहायचं असेल तर आहेच. मुंबईहून रात्रीच्या रेल्वेने पहाटे जळगावला उतरायचं, आंघोळ-नाश्ता उरकून साडेसातला निघायचं आणि नऊला टी-पॉइंटवर पोहोचायचं. विदर्भातून येणाऱ्यांनाही जळगाव किंवा भुसावळच सोपं पडतं.

वेरूळ, देवगिरी, बीबी का मकबरा हेही पाहायचं असेल तर संभाजीनगरात मुक्काम करा. तिसरा मार्ग आम्हाला सर्वांत आवडतो. जळगावला उतरून गाडीने अजिंठा पाहायचं आणि संध्याकाळी संभाजीनगरात मुक्कामाला जायचं. त्यात परतीचा तोच रस्ता वाचतो. मात्र गाडीवाला रिकाम्या परतीचं भाडं लावतो, ते आधीच बोलून घ्या.

पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्याचा विचार करू नका. एका बाजूचं अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जातं. लेण्यांपर्यंत पोहोचताना निम्मा दिवस संपलेला असतो आणि थकलेल्या डोळ्यांना अंधारात काहीच दिसत नाही.

अजिंठा आणि वेरूळ एकाच दिवशी होईल का?

नाही. गाडीवाले 'करून देतो' म्हणतील. अंतराचा हिशेबही कागदावर बसतो : अजिंठ्याची जा-ये २१० किलोमीटर आणि विरुद्ध दिशेला वेरूळची जा-ये ६०. पण दोन्ही ठिकाणी संध्याकाळी बंद होण्याची घाई असते, त्यामुळे प्रत्यक्षात अजिंठ्याला दीड तास आणि वेरूळच्या कैलासाला अर्धा तास मिळतो. मंगळवारी वेरूळ आणि सोमवारी अजिंठा बंद, म्हणून तो दिवस उरलेल्या पाचांपैकीच हवा, हे वेगळंच. दोन दिवस काढता येत नसतील तर एकच निवडा आणि नीट पाहा.

गाडी ठरवताना काय काय विचारावं?

भाडं दोन पद्धतींनी सांगतात. एक, शहरातल्या फिरण्याचं '८ तास, ८० किलोमीटर' पॅकेज. ते इथे उपयोगाचं नाही, कारण वरच्या प्रत्येक किलोमीटरचे आणि तासाचे पैसे वेगळे लागतात. दोन, बाहेरगावचा दर : किलोमीटरला अमुक रुपये आणि दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर. अजिंठ्याची जा-ये शहरातल्या वळणांसह २२०-२२५ किलोमीटर होते, म्हणजे २५० किमानवाली गाडी मिळाली तर ३०० वाल्यापेक्षा स्वस्त पडते, दर सारखाच असला तरी. उदाहरणार्थ, १४ रुपये दर आणि किमान ३०० किलोमीटर असेल तर गाडी २२० धावली तरी ४,२०० रुपये द्यावे लागतील. किमान २५० असेल तर ३,५०० रुपये.

या रकमेच्या वर चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग येतं. किलोमीटर कुठून मोजायचे हेही विचारून घ्या. गाडीच्या ठिकाण्यापासून ठिकाण्यापर्यंत, म्हणजे 'गॅरेज टू गॅरेज' असेल, तर शहराच्या दुसऱ्या टोकाची गाडी पंधरा-वीस किलोमीटर जास्त दाखवते. निघताना आणि उतरताना मीटरचा फोटो काढून ठेवा.

चार जणांना डिझायरसारखी सेदान पुरते. पाच-सहा जण असतील किंवा घरातली वयस्कर माणसं बरोबर असतील तर अर्टिगा किंवा इनोव्हा घ्या. अर्टिगाच्या मागच्या सीटवर मोठ्या माणसाने अडीच तास बसणं अवघड आहे. तिथे मुलंच बसवा. नंबरप्लेट पिवळी असल्याची खात्री करा. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते.

नकाशात कोणतं ठिकाण टाकायचं?

स्वतः गाडी चालवणारे इथे हमखास चुकतात. नुसतं 'अजिंठा' टाकलं की नकाशा अजिंठा गावात नेतो. हे तटबंदीचं जुनं गाव घाटाच्या वर आहे आणि लेणी तिथून अकरा-बारा किलोमीटरवर, घाटाखाली. कधी कधी नकाशा लेणापूरच्या बाजूने कड्यावरच्या व्ह्यू पॉइंटलाही नेतो. तिथून लेणी खाली समोर दिसतात, पण गाडी खाली जात नाही. 'अजिंठा लेणी टी-पॉइंट' असं टाका आणि घाट उतरल्यावर डावीकडच्या पाट्या बघत चला.

गाडी थेट लेण्यांपर्यंत जाते का?

जात नाही, आणि हे चांगलंच आहे. टी-पॉइंटवर सगळ्या खासगी गाड्या थांबतात. तिथून लेणी ४ किलोमीटर आत आहेत आणि पुढे एसटीच्या बसनेच जावं लागतं. धुरापासून चित्रांचं रक्षण व्हावं म्हणून ही व्यवस्था आहे. टी-पॉइंटवर पार्किंगचे आणि प्रवेशाच्या सुविधा शुल्काचे थोडे पैसे द्यावे लागतात, बसचं तिकीट बसमध्ये. बस साधी आणि वातानुकूलित अशा दोन्ही असतात. चार किलोमीटरसाठी वातानुकूलित बसची वाट पाहण्यात अर्थ नाही, जी पुढे उभी असेल ती पकडा. सुटे पैसे जवळ ठेवा.

चालक टी-पॉइंटवरच थांबतो. दरीत मोबाइलला रेंज कधी येते, कधी जाते, म्हणून त्याच्याशी भेटण्याची वेळ आणि जागा उतरतानाच पक्की करा. जड पिशव्या गाडीच्या डिकीत ठेवून जा.

तिकीट किती आहे? परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांना किती पडतं?

भारतीयांना ४० रुपये, परदेशी नागरिकांना ६००. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पुरातत्त्व विभागाच्या ऑनलाइन तिकिटावर भारतीयांना ५ आणि परदेशींना ५० रुपयांची सूट मिळते. ते आदल्या रात्री शहरातच काढा आणि कोडचा स्क्रीनशॉट ठेवा. खिडकीसमोर उभं राहून साइट उघडण्याची वाट पाहणारे लोक रोज दिसतात.

अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे, त्यांना भारतीयांचाच दर लागू होतो. पण मूळ कार्ड बरोबर हवं. नुसता परदेशी पासपोर्ट दाखवला तर ६०० रुपयांचंच तिकीट मिळेल.

किती वाजता निघावं? दिवसाचं वेळापत्रक कसं असावं?

संभाजीनगरहून सकाळी सहा, फार तर साडेसहा. फुलंब्री किंवा सिल्लोडला पोहे-चहा, त्यात वीस मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. सव्वानऊला टी-पॉइंट, पावणेदहाला पहिल्या लेण्यात. तिथून दोनपर्यंत लेणी, मग जेवण, साडेतीनला परतीला लागायचं आणि साडेसहाच्या आत शहरात. घाट आणि सिल्लोड उजेडातच मागे पडतात, हा या वेळापत्रकाचा मोठा फायदा.

लेण्यांसाठी चार तास हवेतच. तीन तासांत सगळी 'होतात', पण त्यात चित्रं पाहायला वेळ मिळत नाही.

तीसही लेणी पाहायची का? कोणती सोडली तर चालतील?

क्रमांक १ ते २९ आणि एक १५-अ, अशी एकूण तीस लेणी वाघूर नदीच्या नालाच्या आकाराच्या वळणावर, सुमारे ७६ मीटर उंच कड्यात कोरलेली आहेत. ९, १०, १९, २६ आणि अपुरं २९ ही चैत्यगृहं, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनागृहं, बाकी विहार, म्हणजे भिक्षूंच्या निवासाची लेणी. कोरीव काम दोन टप्प्यांत झालं. पहिला टप्पा इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास सातवाहनकाळात आणि दुसरा पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात. मधली काही शतकं इथे नवं काही कोरलं गेलं नाही.

आमचा सल्ला असा : १, २, १६, १७ ही चार चित्रांची लेणी आणि १०, १९, २६ ही तीन चैत्यगृहं, एवढ्या सातांना तुमच्या वेळेचा तीन-चतुर्थांश भाग द्या. ४ क्रमांकाचा विहार सर्वांत मोठा आहे, तिथे डोकावून या. २४ अपुरं आहे, पण तेच पाहण्याचं कारण आहे. डोंगर आत कसा खोदत नेला आणि खांब अर्धवट कसे मोकळे केले, हे तिथे उघडं दिसतं. बाकीची जाता जाता.

कोणत्या क्रमाने पाहावीत?

साडेदहाच्या आत पोहोचलात तर १ पासून सरळ. पहिल्या दोन लेण्यांत एका वेळी ठरावीक लोकच सोडतात, आणि ती सकाळी मोकळी असतात. अकरानंतर पोहोचलात आणि १ समोर रांग असेल तर तिथे उभे राहू नका. सावलीची वाट धरून थेट २६ पर्यंत चालत जा आणि उलटे या. दोन टोकांमधलं अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आहे. दीड-दोनला जेवणासाठी गर्दी खाली उतरते, तेव्हा १ आणि २ तुमच्या वाट्याला येतात.

आत इतका अंधार असतो, मग चित्रं दिसणार कशी?

उजेड मुद्दामच मंद ठेवलेला आहे, कारण तीव्र प्रकाशाने रंग फिके पडतात. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे सरावायला पाच ते दहा मिनिटं लागतात. बहुतेक लोक तिसऱ्या मिनिटाला बाहेर पडतात, म्हणजे डोळे उघडायच्या आधीच. आत शिरायच्या थोडं आधी व्हरांड्याच्या सावलीत थांबा, गॉगल तोवर लावलेलाच ठेवा, आत गेल्यावर मोबाइलचा पडदा बघू नका. एकदा स्क्रीन पाहिली की डोळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एक छोटी दुर्बीण बरोबर असेल तर छतावरचे हंस, हत्ती, कमळं आणि फळं नीट पाहता येतात. या एका वस्तूने सहलीत जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशाने पडत नाही.

प्रत्येक मुख्य लेण्यात नेमकं काय शोधायचं?

लेणं १. गाभाऱ्याच्या अंतराळाच्या, म्हणजे पुढच्या छोट्या दालनाच्या, डावीकडे पद्मपाणी, उजवीकडे वज्रपाणी. हे दोन बोधिसत्त्व, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवरचे. पद्मपाणीच्या उजव्या हातात निळं कमळ आहे, पापण्या खाली झुकलेल्या आहेत. त्याच्या भोवतीची माणसं, माकडं, मोरही पाहा, नुसता चेहरा पाहून परतू नका. गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीवर वाटाड्या डावीकडून, उजवीकडून आणि समोरून उजेड टाकतो तेव्हा चेहऱ्यावरचा भाव बदलतो. एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत. शरीरं चार, डोकं एकच, आणि कोणत्याही हरणाकडे पाहिलं तरी ते डोकं त्याचंच वाटतं.

लेणं २. इथे मान वर करा. छत सगळं रंगवलेलं आहे. उजवीकडच्या उपगाभाऱ्यात मुलांचं रक्षण करणारी हारिती देवी बसली आहे.

लेणं १०. हे सर्वांत जुनं चैत्यगृह. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असताना समोरच्या कड्यावरून त्याला याची कमान दिसली. त्याने आत जाऊन एका खांबावर, चित्रावरच, आपलं नाव कोरलं. ते आज नजरेपेक्षा बरंच वर दिसतं, कारण तेव्हा आत भराव साचलेला होता. कमानीवरचा ब्राह्मी लेख त्याहून खूप जुना. वासिठीपुत कटहादि नावाच्या दात्याने हे 'घरमुख', म्हणजे दर्शनी तोंड, दान दिलं असं त्यात लिहिलं आहे. भिंतीवर सहा सुळ्यांच्या छद्दंत हत्तीची कथा आहे. बरीच झिजलेली आहे, पण कळपाच्या रेषा ओळखता येतात.

लेणं १६. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने ते दान केलं, तसा लेख बाहेर डावीकडच्या भिंतीवर आहे. आत डाव्या भिंतीवर बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याच्या पत्नीचं चित्र आहे. नवरा भिक्षू झाल्याचं कळताच ती कोसळते आहे, तिला सावरणाऱ्या दासींचे चेहरे विसरता येत नाहीत. 'मरणासन्न राजकन्या' या नावाने ते ओळखलं जातं. पायऱ्या उतरून खाली गेलात तर दोन हत्तींचं दार आणि नागराजा दिसतो. मूळची वाट नदीकडून अशी वर येत होती.

लेणं १७. एकाच लेण्यात थांबायचं असेल तर इथे थांबा. जातककथांची, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींची, चित्रं सर्वाधिक इथेच टिकली आहेत. दारावर आठ बुद्ध ओळीने बसलेले आहेत, त्यांच्याखाली जोडपी. व्हरांड्याच्या डाव्या टोकाला भवचक्र (जन्ममरणाचं चाक), आत डावीकडे दानशूर विश्वंतराची कथा आणि उजवीकडच्या भिंतीवर सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची, ज्यात बुडालेलं जहाज आणि राक्षसिणींचं बेट आहे. गाभाऱ्याजवळ, भिक्षापात्र घेऊन स्वतःच्याच दारी आलेला बुद्ध आहे, समोर यशोधरा आणि राहुल. बुद्ध प्रचंड मोठा काढला आहे आणि ती दोघं अगदी लहान. या चित्रासमोर जरा जास्त वेळ उभे राहा.

लेणं १९ चं दर्शनी तोंड बाहेरूनच पाहा, डावीकडे राणीसह बसलेला नागराजा चुकवू नका. लेणं २६ मध्ये डाव्या भिंतीवर सुमारे ७ मीटर लांबीचा महापरिनिर्वाणातला बुद्ध आहे. खाली शोक करणारे शिष्य, वर स्वागताला आलेले देव. त्याच भिंतीवर पुढे, बुद्धाचं ध्यान मोडायला आलेल्या माराचा हल्ला आहे.

ही चित्रं फ्रेस्को, म्हणजे ओल्या चुन्यावर रंगवलेलीच ना? मग इतकी का झिजली?

ओल्या चुन्यावर रंगवण्याची पद्धत इथली नाही. खडबडीत खडकावर माती, भाताचं तूस, वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ लेप आणि तो वाळल्यावर रंग. तांबडा आणि पिवळा गेरू, काजळी, चुना, हिरवी माती हे रंग जवळपास मिळणारे. निळा मात्र अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द या निळ्या दगडाचा. गिलावा मातीचा असल्याने ओल, कीटक आणि वटवाघळांनी तो सुटत गेला. १९२० च्या सुमारास निजामाच्या राजवटीत इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे पापुद्रे पक्के केले, पण त्यांनी दिलेलं शेलॅकचं वॉर्निश पुढे पिवळं पडलं. आज सर्वांत मोठा धोका आपल्या श्वासातल्या दमटपणाचा आहे. आत ठरावीक लोक सोडण्यामागे तेच कारण आहे, म्हणून पहारेकऱ्याने 'चला पुढे' म्हटलं तर वाद घालू नका. बाहेर जाऊन पुन्हा रांगेत या, पुन्हा आत सोडतात.

फोटो काढता येतात का?

फ्लॅशशिवाय येतात. फोनवरचा फ्लॅश 'ऑटो'वर नसावा, बंदच हवा. नाइट मोडमध्ये फोन दोन सेकंद स्थिर धरावा लागतो. कोपरं छातीला टेकवा, खांबाला किंवा भिंतीला टेकू नका. तिपाईला आधी परवानगी लागते, ड्रोन चालत नाही.

वाटाड्या घ्यावा का?

घ्यावा, निदान चित्रांच्या लेण्यांसाठी. भिंतीवर कथा एका ओळीत लावलेली नसते. एकाच जागेतले प्रसंग शेजारी-शेजारी येतात, मग ते कथेत आधीचे असोत की नंतरचे, त्यामुळे माहिती नसलेल्याला ती गर्दी वाटते. ओळखपत्र असलेला शासनमान्य गाइड तिकीट खिडकीजवळ मिळतो. मराठीत सांगणार का, किती तास, कोणती लेणी, हे तिथेच ठरवा. 'दीड तासात सगळं दाखवतो' म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या.

आजी-आजोबांना जमेल का? गुडघे दुखतात.

बस थांब्यापासून पहिल्या लेण्यापर्यंत चढण आहे, पुढची वाट बरीचशी सपाट, पण लेण्यालेण्याला पायऱ्या. चार जणांनी उचलायची डोली मिळते. दर ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट करा : कुठपर्यंत, मधे थांबण्याचा वेळ धरलेला आहे का, आणि परतीसह का. डोली लेण्याच्या दारापर्यंत जाते, आत चालावंच लागतं. चालणं फारच त्रासाचं असेल तर १, २, १६, १७ पाहून परत फिरा. त्यात काही गमावल्यासारखं होत नाही.

कपडे, चपला, बरोबर काय घ्यायचं?

चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, तेही पुन्हा पुन्हा. लेसच्या बुटांपेक्षा पटकन निघणाऱ्या सँडल घाला. मार्चनंतर व्हरांड्याचा दगड तापतो, म्हणून जाड मोजे ठेवा. पाणी प्रत्येकी दीड लिटर, उन्हाळ्यात दोन. टोपी हवी, अत्तर नको. कड्यावर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वास, धूर किंवा आरडाओरडा झाला की माश्या उठतात. खाऊची पिशवी हातात उघडी धरू नका, वानरं ती ओढून नेतात, आणि खेचाखेच केली तर ओरबाडतात.

जेवणाचं काय?

लेण्यांच्या पायथ्याशी उपाहारगृह आहे, तिथे थाळी आणि चहा मिळतो, दुपारी एक ते दोन गर्दी. वेळ असेल तर फर्दापूरला जा. घाट उतरला की खानदेशी चव सुरू होते. शेवभाजी कुठेही मिळेल, आणि हिवाळ्यात भरीत-भाकरी असेल तर तीच मागवा. तिखट कमी हवं असेल तर आधीच सांगा.

पावसाळ्यात जावं का?

दरी हिरवीगार असते आणि लेण्यांच्या टोकाला सप्तकुंडाचा धबधबा वाहतो, ते दृश्य पाहण्यासारखंच असतं. पण ढगाळ दिवशी लेण्यांत नैसर्गिक उजेड कमी, पायऱ्या शेवाळलेल्या आणि घाटात धुकं. चित्रांसाठी जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दरीसाठी ऑगस्ट-सप्टेंबर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशी ओलांडतो, तेव्हा एक वाजेपर्यंत पाहणं उरकून निघा. धबधब्याच्या कुंडांत उतरू नका, दगड निसरडे असतात आणि पाण्याचा लोंढा अचानक येतो.

टी-पॉइंटवर दगड विकणारे मागे लागतात. घ्यावेत का?

दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांमध्ये सापडणारे खरे स्फटिक इथे मिळतात आणि ते सुंदर असतात. पांढरे, फिकट हिरवे, मोतिया रंगाचे खडे बहुधा नैसर्गिक असतात, भडक गुलाबी आणि निळे बहुधा रंगवलेले. ओल्या पांढऱ्या रुमालाने पुसून पाहा. कोणी हातात 'भेट' म्हणून खडा ठेवला तर तो परत द्या. परतताना त्याच्या दुकानात यायचंच, असा आग्रह त्यामागून येतो. जे घ्यायचं ते बसने परत आल्यावर घ्या, दगड पाठीवर घेऊन चार तास चालावं लागत नाही.

मुलं कंटाळतील का?

आदल्या रात्री दोन गोष्टी सांगून ठेवा : सहा सुळ्यांच्या छद्दंत हत्तीची आणि कबुतरासाठी स्वतःचं मांस तोलून देणाऱ्या शिबी राजाची. मग भिंतीवर तराजू आणि हत्ती शोधण्यात मुलं मोठ्यांच्या पुढे जातात. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी अडीच तास पुरे.

परतीच्या वाटेवर आणखी काही पाहता येईल?

तीनच्या आत निघालात तर गोळेगावहून पूर्वेला अन्वा गावातलं जुनं दगडी मंदिर पाहता येतं, जाऊन येऊन तासभर जास्त. त्याचे वाढीव किलोमीटर चालकाला सकाळीच सांगा. नाहीतर घाट चढल्यावर लेणापूरच्या व्ह्यू पॉइंटला वळा. सकाळी ज्या लेण्यांत होतात त्या सगळ्यांचा नाल इथून एका नजरेत येतो, आणि स्मिथला कमान कुठून दिसली असेल ते लगेच कळतं.

निघायला उशीर झाला, दुपारी दोनला पोहोचतोय. काय करावं?

जा, पण यादी छोटी करा. टी-पॉइंटवर दुकानांकडे न बघता पहिली बस पकडा. आधी १७, मग १६, मग १ आणि २. वेळ उरला तर १०. २६ पर्यंत जाण्याचा मोह टाळा. पाच वाजता लेणी रिकामी होऊ लागली की परतीच्या बसला सगळे एकदम येतात, म्हणून पावणेपाचलाच खाली उतरा. साडेतीननंतर पोहोचणार असाल तर सरळ फर्दापूरला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दारात हजर राहा. दुसरा दिवस सोमवार नाही, एवढं मात्र आधी बघा.